अ‍ॅल्युमिनियम फ्रेम आणि मागची हब मोटर: टॉर्क आर्म एक की दोन, आणि बसवायचा कुठल्या बाजूने?

चाकातली_वीज:
सायकलच्या मागच्या चाकात डायरेक्ट ड्राइव्ह (गिअर नसलेली) हब मोटर बसवायची आहे, म्हणजे चाकाच्या मध्यातच बसणारी. ४८ व्होल्ट, कंट्रोलर २५ अँपिअरचा, रिजन ब्रेकिंग (मोटरच चाक अडवते आणि वीज बॅटरीत परत जाते) चालू ठेवायचंय. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, ड्रॉपआउट (चाकाचा आस, म्हणजे अॅक्सल, बसायच्या फ्रेमच्या खाचा) खाली उघडणारे, पट्टी ६ मिमी जाड. अ‍ॅक्सल १४ मिमीचा, सपाट बाजूंमध्ये १० मिमी. केबल डावीकडून निघते, डिस्कही डावीकडेच. किटमध्ये जीभवाले दोन वॉशर आहेत, टॉर्क आर्म (आसाला फिरू न देणारी, फ्रेमला टेकणारी पट्टी) नाही. तर आर्म लागेल का, लागला तर किती, आणि कुठे टेकवायचा?

साधं_सोपं:
वॉशरच्या जिभा खाचेत नीट बसल्या आणि नट दणकून आवळले की पुरतं. उगाच लोखंड कशाला वाढवता?

बावीसचा_पाना:
स्टीलची फ्रेम आणि छोटी गिअरवाली मोटर असेल तर चालून जातं. इथे नाही.

मोटर चाकाला जेवढ्या जोराने पुढे फिरवते, तेवढ्याच जोराने अ‍ॅक्सल उलटा फिरायला बघतो. तुमच्या मोटरचा उचल घेतानाचा टॉर्क ५० न्यूटन मीटर धरू. १४ मिमीचा अ‍ॅक्सल १० मिमीपर्यंत कापला की सपाट भागाची रुंदी उरते ९.८ मिमी. जोर या सपाटीच्या दोन विरुद्ध कडांवर येतो. ५० भागिले ०.००९८ म्हणजे जवळपास ५१०० न्यूटन, म्हणजे ५२० किलोंचा दाब. हा दोन ड्रॉपआउटमध्ये वाटला जाईल असं कागदावर वाटतं, पण ज्या बाजूची खाच जास्त घट्ट तीच आधी सगळा मार खाते. अ‍ॅल्युमिनियम अशा कडेखाली आधी दबतं, खाच रुंदावते, मग ओठ उघडतो किंवा तुटतो. तोच टॉर्क १०० मिमी लांबीच्या आर्मच्या टोकाला ५०० न्यूटन, म्हणजे ५१ किलो. ते फ्रेम आरामात सोसते.

आता ‘दणकून आवळा’बद्दल. १४ मिमीच्या अ‍ॅक्सलवर १० मिमीची सपाटी काढली की परिघावरचे निम्मे आटे जातात. नट उरलेल्या निम्म्यांवरच धरतो, शिवाय केबलच्या बाजूला अ‍ॅक्सल आतून पोकळ. जोर लावून आवळलंत तर आटे जातील. मोटरसोबत आकडा दिला असेल तो पाळा, नसेल तर ४० न्यूटन मीटरच्या आसपास, आणि टॉर्क पान्यानेच. नटाचं काम चाक धरायचं, अ‍ॅक्सलला फिरू न देणं हे आर्मचं.

आर्म दोन लावा, आणि कारण रिजन. नुसता पुढे ओढणारा टॉर्क असला तर अ‍ॅक्सल एका कडेला टेकून राहतो, थोडी फट असली तरी खपते. रिजनमध्ये जोर दर ब्रेकला उलटतो, अ‍ॅक्सल त्या फटीत मागेपुढे ठोकत राहतो. ०.२ मिमी फट म्हणजे या अ‍ॅक्सलवर सव्वा अंशाच्या आसपास हालचाल, १०० मिमीच्या आर्मच्या टोकाला २ मिमी. एवढ्या ठोकाठोकीत नट ढिला होतोच. म्हणून साधा आर्म घेण्यापेक्षा एका बाजूने चिरलेला आणि बोल्टने अ‍ॅक्सलवर आवळता येणारा आर्म घ्या. जाडी ५-६ मिमी, स्टील. ३ मिमीच्या, प्रेसमध्ये कापलेल्या पट्ट्यांची भोकं कालांतराने गोल होतात.

चाकातली_वीज:
समजलं. पण डावीकडे केबल आहे, तिथे आर्म घालायचा कसा? आणि चेनस्टेच्या (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीच्या) वरून की खालून?

काळा_थ्रेडलॉकर:
केबलचीच भानगड आधी बघा. कनेक्टर नटातून जातो, कारण नटाचं भोक १४ मिमीचं. आर्मचं भोक मात्र एका दिशेने १० मिमीच असतं, त्यातून जाड कनेक्टर जाणार नाही. एक तर उघड्या तोंडाचा आर्म घ्या, नाही तर कनेक्टरमधल्या पिना काढून केबल ओवा. पिना काढायच्या आधी रंगांच्या क्रमाचा फोटो घ्या, हॉलच्या (मोटरच्या आतल्या सेन्सरच्या) तारांची अदलाबदल झाली की मोटर नुसती थरथरते. अ‍ॅक्सलमधून बाहेर पडल्यावर केबलला खाली झोकाचा वळसा द्या म्हणजे पाणी आत शिरत नाही.

वर की खाली: मोटर जोर लावते तेव्हा अ‍ॅक्सलची वरची बाजू मागे जाते, म्हणजे पुढे केलेल्या आर्मचं टोक वर उचललं जातं. आर्म चेनस्टेच्या खालून लावा. मग तो स्टेवरच दाबला जातो आणि क्लॅम्पला (आर्म स्टेला बांधणाऱ्या पट्टीला) फक्त रिजनचा जोर सोसावा लागतो. वरून लावला तर अख्खा टॉर्क त्या पातळ होज क्लॅम्पवर. चेनस्टे निमुळता असतो, क्लॅम्प बारीक भागाकडे सरकतो. जमेल तिथे क्लॅम्पऐवजी कॅरिअरच्या किंवा मडगार्डच्या एम ५ भोकात बोल्ट घाला. क्लॅम्पखाली रबर नको, त्याने खेळ वाढतो. रंग वाचवायला टेपचा एक थर पुरे.

क्रम: मोटरच्या अंगाने अ‍ॅक्सलचा खांदा किंवा आतला वॉशर, मग ड्रॉपआउट, मग आर्म, मग साधा वॉशर, मग नट. सपाटी ड्रॉपआउटच्या बाहेर आर्मच्या पूर्ण जाडीइतकी निघायला हवी आणि त्यापुढे नटाचे सगळे आटे धरायला हवेत. जागा कमी पडली तर जीभवाला वॉशर काढा, आर्म ठेवा.

बसवताना सपाटीवर मार्कर फासा, आर्म ढकला, परत काढा. शाई जिथे खरवडली तिथेच तो अडतोय. कानस आर्मला लावायची, अ‍ॅक्सलला नाही, आणि ड्रॉपआउटला तर मुळीच नाही, निदान अ‍ॅल्युमिनियमच्या.

बावीसचा_पाना:
एक भर. दोन्ही टोकांना आटे सरळच असले तर मोटरच्या जोराने डावा नट सुटायला बघतो आणि उजवा आवळला जातो, रिजनमध्ये उलट. नट, वॉशर आणि फ्रेम यांवरून आरपार एक रंगाची रेघ ओढा. पहिल्या २०-३० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पाना लावा, नंतर नुसती रेघ बघितली तरी कळतं.

उतारावर_सावकाश:
मध्येच विचारतो. हीच मोटर पुढच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सस्पेन्शन चिमट्यात (फोर्कमध्ये), आर्मसकट चालेल का?

काळा_थ्रेडलॉकर:
नाही. त्या चिमट्याचे खालचे पाय ओतीव असतात, बऱ्याचदा मॅग्नेशियमचे. वाकून इशारा देत नाहीत, सरळ तुटतात. पुढचं चाक निसटलं तर तुम्ही हँडलवरून पुढे. पुढे मोटर हवीच असेल तर स्टीलचा चिमटा, आणि ड्रॉपआउटच्या बाहेरच्या खोबणीत सी आकाराचा वॉशर, नाही तर नट खोबणीच्या काठावर तिरका बसतो.

चाकातली_वीज:
उजवीकडे अखंड आर्म, डावीकडे दोन तुकड्यांचा, त्याचा दुसरा तुकडा कॅरिअरच्या भोकाला. ठीक आहे का?

बावीसचा_पाना:
ठीक, पण दोन तुकड्यांमधला कोन बघा. दुसरा तुकडा नुसती दांडी आहे, आपल्या लांबीच्या दिशेनेच ओढते किंवा ढकलते. दोन्ही तुकडे एका रेषेत आले तर ती रेषा अ‍ॅक्सलच्या मध्यातूनच जाते आणि आर्म असून नसल्यासारखा. काटकोन उत्तम. ४५ अंशांवर दांडीवरचा जोर १.४ पट होतो, ३० अंशांवर दुप्पट. त्याखाली जात असेल तर कॅरिअरचं भोक सोडा आणि डिस्क कॅलिपरच्या बोल्टच्या जागी लांब बोल्ट लावून दांडी तिथे घ्या, कॅलिपर हलणार नाही एवढं बघून. मधल्या जोडाला नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा) नट.