मदत हवी आहे : ॲस्टरिस्कवरील मराठी ध्वनिफायलींची मांडणी कशी ठेवावी?

नमस्कार.

कोल्हापूर जिल्ह्यातील एका गावच्या सहकारी दूध संस्थेसाठी आम्ही काही जण मिळून ॲस्टरिस्क या दूरध्वनी केंद्राच्या मुक्त संगणक प्रणालीवर चालणारी दूरध्वनी सेवा उभी करत आहोत. सभासदाने संस्थेच्या क्रमांकावर फोन लावायचा, आपला सभासद क्रमांक दाबायचा आणि त्या दिवशीच्या दुधाचे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅटखेरीजचे घन घटक), दर आणि चालू दहा दिवसांच्या बिलात जमा झालेली रक्कम मराठीतून ऐकायची, एवढेच तिचे काम आहे. छापील पावती हाती मिळतेच. पण ती वाचता न येणारे, किंवा दूध घालायला नातवाला पाठवून स्वतः घरी थांबणारे सभासद बरेच आहेत, आणि आपल्या दुधाचा हिशेब त्यांना दुसऱ्या कोणाला न विचारता कळावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे. डायलप्लॅन, म्हणजे आलेला कॉल कसा हाताळायचा याचे नियम, तयार आहे, आकडेही माहितीसाठ्यातून बरोबर येतात. अडचण आहे ती ध्वनिफायलींच्या मांडणीची.

ॲस्टरिस्कच्या अधिकृत ध्वनिसंचांत मराठी नाही, म्हणून साउंड्स या फोल्डरमध्ये इंग्रजीच्या शेजारी 'एमआर' नावाचे फोल्डर आम्ही केले असून चॅनेलची, म्हणजे चालू कॉलची, भाषा तीच ठेवली आहे. एखादी फाइल मराठीत सापडली नाही तर ॲस्टरिस्क गुपचूप इंग्रजी फाइल वाजवते, त्यामुळे मराठी वाक्याच्या मधोमध अचानक इंग्रजी शब्द येतो आणि ऐकणारा गोंधळतो. कोणती फाइल राहून गेली आहे हे फोन लावून ऐकल्याशिवाय कळत नाही, ही आमची पहिली अडचण.

दुसरी आणि खरी अडचण आकड्यांची आहे. मराठीसाठी वेगळी व्यवस्था नसल्यामुळे सेनंबर ही आकडे बोलून दाखवणारी आज्ञा इंग्रजीच्या रीतीने आकडा जुळवते. म्हणजे 47 साठी चाळीसची फाइल आणि मग सातची फाइल, आणि 147 साठी एक, शंभर, चाळीस, सात. 2019 मध्ये बालभारतीने इयत्ता दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत दिली होती, तिच्या आधारे पहिला भाग चालवून घ्यावा असे आमच्यातील एकाने सुचवले. परंतु जन्मभर 'सत्तेचाळीस' म्हणत आलेल्या सभासदाने आपल्या बिलाची रक्कम 'चाळीस सात' अशी का ऐकावी, हे मला पटत नाही. आणि 'एक शंभर' तर कोणीच म्हणत नाही.

म्हणून शून्य ते नव्व्याण्णव अशा शंभर फायली, शंभरची एक, एकशे ते नऊशे अशा नऊ, आणि हजार, लाख, कोटी, मिळून 113 फायली ध्वनिमुद्रित कराव्यात आणि जुळणीचे नियम से डॉट कॉन्फ या ॲस्टरिस्कच्या नियमांच्या फाइलमध्ये लिहावेत, असा विचार आहे. उर्दूसाठी मूळ सी कोडमध्ये जवळपास अशीच सोय आहे, शंभरपर्यंतचे आकडे थेट फायलींतून आणि पुढे हजार, लाख, कोटी. पण उर्दूत 'सौ' सुटे राहते आणि मराठीत 'शे' आधीच्या आकड्याला चिकटते, त्यामुळे ती सोय जशीच्या तशी उचलता येत नाही. 'शे' वेगळे मुद्रित करून दोन, तीन, चार यांना जोडून पाहिले, तर मध्ये बारीकसा खंड राहतो आणि 'दोन. शे.' असे तुटक ऐकू येते. नऊ फायली वेगळ्या मुद्रित करणेच योग्य ना?

तिसरी गोष्ट वाक्यांची. 'सकाळचे दूध', 'लिटर', 'फॅट', 'रुपये', 'पैसे', 'आहे' असे शब्द सुटे ठेवले तर कोणतेही वाक्य जुळवता येते, पण बोलणे तुटक होते. वाक्येच्या वाक्ये मुद्रित केली तर बोलणे सहज वाटते, पण पुढे एक शब्द बदलायचा झाला तरी आवाज देणाऱ्या ताईंना पुन्हा बोलवावे लागते. ताई शेजारच्या गावातील शाळेत शिकवतात आणि केवळ आपुलकीपोटी वेळ देतात, म्हणून त्यांचा वेळ जपून वापरायचा आहे. वाक्य नेमके कुठे तोडावे, याचा काही अनुभवाचा नियम आहे का? शिवाय पुढे-मागे दुसरा आवाज घ्यावा लागला तर चालू सेवा न थांबवता नवे मुद्रण टप्प्याटप्प्याने कसे आणावे, आणि फायलींची नावे कशी ठेवावीत, हेही कृपया सांगावे.

मुद्रण 48 किलोहर्ट्झवर होत असून त्याच्या 8 किलोहर्ट्झ, 16 बिट, एकवाहिनी वेव्ह फायली आम्ही सॉक्स या ध्वनिरूपांतराच्या प्रोग्रॅमने करतो.

प्रतिसाद

नमस्कार. काम फार चांगले आहे. ज्या क्रमाने मी ते केले असते, त्या क्रमाने लिहितो.

सर्वांत आधी फायली नव्हे, तक्ता तयार करावा. इंग्रजी संचासोबत एक साधी मजकूर फाइल येते, जिच्या प्रत्येक ओळीत फाइलचे नाव, अपूर्णविराम (:) आणि त्या फायलीत बोललेले शब्द असतात. तशीच मराठीची करावी आणि तीच मूळ मानावी. मुद्रणाच्या वेळी ताईंच्या हातातही तिचीच छापील प्रत द्यावी. तक्त्यातील प्रत्येक नावाची फाइल एमआर फोल्डरमध्ये आहे की नाही हे तपासणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली की मध्येच इंग्रजी ऐकू येण्याची आपली पहिली अडचण फोन न लावताच सापडते. नावे रोमन लिपीतील लहान अक्षरांत, शब्दांमध्ये आडवी रेघ (-) देऊन ठेवावीत. नाव कामावरून द्यावे, मजकुरावरून नव्हे. 'सभासद क्रमांक विचारा' या अर्थाचे नाव असले की उद्या शब्द बदलले तरी डायलप्लॅनला हात लावावा लागत नाही. संस्थेच्या खास सूचना एमआरच्या आत वेगळ्या उपफोल्डरमध्ये ठेवाव्यात, आकड्यांच्या डिजिट्स फोल्डरमध्ये मिसळू नयेत.

48 किलोहर्ट्झचे मूळ मुद्रण सर्व्हरबाहेर जपून ठेवावे आणि सर्व्हरवरची प्रत्येक फाइल त्यातूनच स्क्रिप्टने तयार करावी. भारतातील लाइनवर ए-लॉ ही आवाज अंकांत बदलण्याची पद्धत असते, म्हणून ए-लॉ फायलीही केल्या तर रूपांतराचा भार वाचतो. मात्र एकाच नावाच्या वेव्ह आणि ए-लॉ अशा दोन फायली असतील, तर ॲस्टरिस्क त्या कॉलला स्वस्त पडणारी निवडते. वेव्ह नवी आणि ए-लॉ जुनी राहिली, तर सभासदाला जुनाच मजकूर ऐकू येत राहतो आणि कारण लवकर सापडत नाही.

'शे'बद्दल आपले बरोबर आहे. नऊही फायली वेगळ्या मुद्रित कराव्यात. से डॉट कॉन्फमध्ये मोड न्यू (म्हणजे याच फाइलमधील नियम वापरण्याचा पर्याय) ठेवून दोन अंकांचा नियम थेट फाइलकडे न्यावा, आणि तीन अंकांत नेमके शंभर हा नियम इतर शेकड्यांच्या नियमापासून वेगळा लिहावा. दशांश मात्र सेनंबरच्या आवाक्यात नाही, तिला पूर्णांकच लागतो. म्हणून फॅट आणि एसएनएफ कट फंक्शनने बिंदूपाशी तोडून 'पॉइंट'ची फाइल मध्ये घालावी. रकमेत 'एक रुपया' आणि 'दोन रुपये' यांच्यासाठी दोन फायली लागतील, हेही तक्त्यात आताच लिहून ठेवावे.

वाक्य कुठे तोडावे, तर जिथे आकडा येतो तिथे आणि फक्त तिथेच. 'आज सकाळी आपण घातलेले दूध' ही एक फाइल, मग आकडा, मग 'लिटर'. आपल्या मजकुरात एक सोय आयती आहे: लिटर आणि रुपये आकड्यानंतर येतात, त्यामुळे आकड्यावर वाक्य संपत नाही आणि सूर खाली उतरत नाही. म्हणून ताईंनी आकडे सुटे म्हणू नयेत. प्रत्येक आकडा 'सत्तेचाळीस लिटर' असा म्हणावा आणि आपण 'लिटर' कापून टाकावे. अपवाद फॅट आणि एसएनएफचा, कारण 'चार पॉइंट दोन' इथे दोनवर बोलणे थांबते. त्यासाठी शून्य ते नऊ एवढ्याच दहा फायली उतरत्या सुरात वेगळ्या मुद्रित कराव्यात. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीची आणि शेवटची शांतता सारख्याच मापाने छाटावी. जोड कानाला खटकतो तो बहुधा तिथेच.

दुसऱ्या आवाजासाठी भाषेच्या नावाला खालच्या आडरेघेने (अंडरस्कोरने) पुरवणी जोडावी, उदाहरणार्थ 'एमआर_नवा'. त्या फोल्डरमध्ये फाइल नसेल तर ॲस्टरिस्क शेपूट काढून साध्या एमआरमध्ये शोधते, आणि तिथेही नसेल तरच इंग्रजीकडे जाते. एखाद-दोन चाचणी क्रमांकांची भाषा अशी ठेवली की नवे मुद्रण ऐकून पाहता येते आणि बाकीच्या सभासदांची सेवा तशीच चालू राहते. आकड्यांचा संच मात्र अर्धवट बदलू नये. एकाच रकमेत दोन आवाज आले तर ऐकणाऱ्याचा तिच्यावरचा विश्वास उडतो.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. तक्ता आजच करायला घेतो आणि 'लिटर'सह आकडे म्हणवून घेण्याची सूचना ताईंना कळवतो. एक शंका उरते: दर 'अडीच', 'साडेतीन' असा बोलण्याची आमच्याकडे सवय आहे, पण पावतीवर तो दशांशात छापलेला असतो. ऐकणाऱ्याने पावतीशी ताडून पाहायचे असल्यास पॉइंटनेच वाचावे, की सवयीप्रमाणे? ज्यांनी मराठीतून दर ऐकवणारी सेवा चालवली आहे, त्यांनी कृपया लिहावे.