पडद्यावरची मारामारी आणि गल्लीतली : बेळगावकरांनो, आपापलं लिहा

सप्टेंबर २०१९ मध्ये बेळगावजवळच्या काकतीत मुलानं बापाचा खून केला. मथळ्यांत पबजी होतं. तेव्हापासून आमच्या चहाच्या टपरीवर वाद ठरलेला: सिनेमा-गेममुळं पोरं खुनशी होतात का? (पबजी बंद झालं २०२० मध्ये, तेही चिनी ॲप म्हणून. हिंसेचा त्यात संबंध नव्हता.) ऐकीव नको, बघितलेलं लिहा.
– टिळकवाडी

मी एकवीस वर्षं थेटरात डोअरकीपर. मारधाडीच्या पिक्चरला भांडणं व्हायची ती तिकिटाच्या खिडकीवर, ब्लॅकवाल्यांशी. खेळ सुटला की पोरं कॉलर वर करून, मान तिरकी करून बाहेर पडायची. सायकल स्टँडवाल्यानं आठ आणे मागितले की हिरो संपला. खरं एक सांगतो, नवा मारधाडीचा पिक्चर लागला की शेजारचा बारवाला कुरकुरायचा. सहा ते नऊ त्याची टेबलं रिकामी.
– शहापूर

काका, तुमचा बारवाला अमेरिकेतही सापडलाय! डाल आणि डेलाविन्या या अर्थशास्त्रज्ञांचा २००९ चा निबंध आहे. हिंसक सिनेमाला गर्दी झाली की त्या संध्याकाळी मारहाणीचे गुन्हे घटतात, मध्यरात्रीनंतरही. हात शिवशिवणारी मंडळी अंधारात बसलेली आणि तेवढा वेळ दारूपासून लांब. वर्षानुवर्षं बघून काय होतं, ते मात्र त्यातून कळत नाही.
– टिळकवाडी

खानापूर, फौजदारी वकिली. माझ्याकडच्या खुनाच्या केसेस म्हणजे बांध, वाटणी, दारू, चारित्र्याचा संशय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ चे आकडेही तेच सांगतात: देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे, त्यातले ९,९६२ वादावादीतून. तरी पडद्याला मी मोकळं सोडत नाही. वाढदिवसाला तलवारीनं केक कापून रील टाकायचं, हे काय आजोबांनी शिकवलं? एका पोराला त्यावरूनच शस्त्र कायद्याखाली धरलं. तलवार जप्त केली तेव्हा पात्यावर गुलाबी क्रीम सुकलेलं. पंचनामा कन्नडात, डाग लिहायचा की क्रीम, यावर साहेब पाच मिनिटं अडले. पोरगा रडत होता, आई माझ्या पाया पडत होती. पोराच्या मनात खून नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पण केक संपल्यावर ती तलवार कॉटखाली जाते, आणि भाऊबंदकी घरात असतेच. पूर्वी काठीवर भागायचं.
– खानापूर

मला गेमची भीती नाही, खरा म्हणून आलेल्या व्हिडिओची आहे. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ फिरत होता, आठवतंय? मुळात ती कराचीतली, मुलांना जपा असं सांगणारी जाहिरात. शेवटचा खुलासा कुणीतरी कापलेला. आमच्या गल्लीत चादरी विकणाऱ्याला वीसेक जणांनी घेरलं. त्याला ना मराठी, ना कन्नड. मी गाठोडं सोडायला लावलं. चार चादरी, आणि फडक्यात बांधलेल्या दोन चपात्या. त्याच वर्षी जुलैत बिदर जिल्ह्यात हैदराबादच्या एका इंजिनिअरला जमावानं याच संशयावरून जिवे मारलं. आमच्या गल्लीत घेरणाऱ्यांत माझे दोन माजी विद्यार्थी होते. दोघेही माळकरी, मारधाडीच्या सिनेमाच्या वाटेला न जाणारे.
– निपाणी, शिक्षिका

माझा तेरा वर्षांचा आहे. फोन काढून घेतला की ताट भिरकवायचा. बंदुकीचा गेम काढून गाड्यांचा दिला, तरी ताट उडालंच. मग रात्री दहाला वायफायचं बटणच बंद करायला लागले. पहिले चार दिवस घर डोक्यावर घेतलं. आता झोप होते, सकाळी माणसात असतो. बंदुका परत आल्यात, ते वेगळं.
– अनगोळ

ताई, तरी ताटं स्टीलचीच ठेवा.
– शहापूर