आजोबांचा रोलीफ्लेक्स लिलावात द्यावा का?

दांडियाबाजारचा वाडा
नमस्कार. बडोद्यातील जुन्या घराची आवराआवर करताना आजोबांचे दोन कॅमेरे निघाले. एक चामड्याच्या पेटीतला रोलीफ्लेक्स असून त्याच्या दोन भिंगांपैकी खालच्यावर ‘प्लानार ३.५’ असे भिंगाचे नाव कोरलेले आहे, आणि दुसरा आग्फा क्लिक ३ आहे. लायका कॅमेऱ्याचे जनक ऑस्कर बार्नाक यांचा स्वतःचा लायका २०२२ मध्ये जर्मनीतल्या वेट्झलारच्या लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेल्याचे वाचल्यापासून घरातील मंडळी युरोपातल्या लिलावाचाच आग्रह धरून बसली आहेत. किमतीचा अंदाज कसा बांधावा, आणि विकण्यापूर्वी दोन्ही कॅमेरे चकचकीत करून घ्यावेत का?

जुनी रीळ
चकचकीत अजिबात करू नका. माझ्या यशिकामॅट कॅमेऱ्याचे भिंग एका कारागिराने इतक्या आपुलकीने पुसले की त्यावरच्या लेपाची जांभळट झाक मधोमध निघून गेली, आणि ठरलेले गिऱ्हाईक दोन मिनिटांत परत फिरले.

बार्नाक यांचा तो कॅमेरा जेमतेम दोन डझन नगांच्या मालिकेतला, शिवाय खुद्द त्यांच्या वापरातला होता. त्यातही हातोडा पडला तो १ कोटी २० लाखांवर, वरची रक्कम खरेदीदाराकडून घेतलेला अधिभार होता. रोलीफ्लेक्स मात्र लाखोंनी बनले. त्यांत बसणारी १२० आकाराची रिळे आजही नवी मिळत असल्याने त्यांना भाव येतो तो वापरता येण्याचा. त्यामुळे लिलावगृहाचे कमिशन, विमा आणि पाठवणीचा खर्च सोसण्यापेक्षा फिल्मवर काम करणाऱ्या एखाद्या छायाचित्रकाराला थेट विकणे मला शहाणपणाचे वाटते.

त्याआधी कॅमेऱ्याची पाठ उघडून, भिंगातले छिद्र पूर्ण मोकळे ठेवून आणि शटर ‘बी’वर (म्हणजे बटण दाबलेले असेपर्यंत ते उघडे राहते त्या खुणेवर) दाबून धरून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी समजावी. चामड्याची पेटी पावसाळ्यातली ओल धरून ठेवते, म्हणून कॅमेरा आजच पेटीबाहेर काढा. मग एक सेकंदाचा वेग लावून ऐका. शटर कुरकुरत मधेच अडखळले तर आतले वंगण सुकले आहे. सेल्फ-टायमरला मात्र हात लावू नका, कारण तो अडकला की सगळे शटरच अडकून बसते.

रावपुऱ्यातून
क्लिक ३ ला फारसा भाव येणार नाही, कारण तो घरोघरी होता. पण त्यावरची अक्षरे वाचलीत का? हा कॅमेरा न्यू इंडिया इंडस्ट्रीजने आपल्या बडोद्यातच बनवलेला आहे. मी असतो तर तो ठेवून घेतला असता.

दांडियाबाजारचा वाडा
टॉर्च मारून पाहिले. खालच्या भिंगाच्या काठाशी दोन धागे आहेत. सेकंदाचे शटर न अडखळता मिटते. क्लिक ३ आईने आधीच आपल्या कपाटात नेऊन ठेवला आहे.

जुनी रीळ
मग त्या दोन धाग्यांचा टॉर्चच्या उजेडातला फोटो विक्रीच्या वर्णनातच द्या, आणि कॅमेऱ्यावरच्या क्रमांकाचाही जवळून एक काढा. गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच मागेल.