मदत हवी आहे: पक्ष्यांसाठी परवडणारी टेलिफोटो लेन्स

नमस्कार मंडळी, कॅनन १५००डी कॅमेरा आणि सोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स एवढंच माझ्याकडे आहे. रविवारी पहाटे इथे गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला, नाहीतर करमळीच्या तळ्यावर जातो. गेल्या खेपेला खारफुटीच्या फांदीवर खंड्या बसला होता, चोचीतला मासा फांदीवर आपटत होता. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला, तर निळा ठिपका! फार जीव हळहळला.

बजेट वीस हजारांच्या आत. डोळ्यासमोर कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम आहे; आयएस म्हणजे हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन. वजन ३७५ ग्रॅम, शिवाय क्रॉपमुळे, म्हणजे कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्याने, २५० मिमीवर ४०० मिमीसारखी चौकट मिळते. दुसरी टॅमरॉनची ७०-३००, स्वस्त आहे, पण तिला स्टॅबिलायझेशन नाही. ट्रायपॉड मी नेत नाही, त्यामुळे हातात धरून पहाटेच्या उजेडात ती कितपत चालेल याची धास्ती वाटते. ५० मिमी जास्त मिळण्यापेक्षा स्थिर फोटो महत्त्वाचा, असं माझं मत. चुकत असेन तर सांगा.

सेकंडहँड घ्यायलाही तयार आहे, पण आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात लेन्समध्ये बुरशी फार लवकर धरते. टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते बघायचं, एवढं ठाऊक आहे. आणखी काय तपासावं?

२५० मिमीवर तळ्यातल्या अडयांचे (शीळ घालणाऱ्या बदकांचे) फोटो कुणी काढले असतील, तर न कापलेला एखादा फोटो दाखवाल का? पणजी-म्हापशाकडे कुणाकडे ही लेन्स असेल, तर एक सकाळ सोबत जाऊया.