डायबेटिक फूटच्या ब्लॉकमध्ये ॲडज्युव्हंट (भुलेचा असर लांबवणारं जोड औषध) हवंच का?

भूल_कोथरूड
बोट काढायचं असो की पस, पॉप्लिटियल ब्लॉकमध्ये (गुडघ्यामागे नर्व्हभोवती भूल टोचून पाय बधिर करणं) डेक्सा (डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड) मिसळायची सवयच पडली आहे. जुन्या मधुमेहींत ती मोडावी, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्या नर्व्ह आधीच दुबळ्या. सायॅटिक नर्व्हला ०.५ टक्के रोपिवाकेन (बधिर करणारं औषध) २० मिली आणि सॅफिनस नर्व्हला ५ ते ८ मिली एवढ्यावरही ब्लॉक अपेक्षेपेक्षा लांबतो. ॲड्रिनलिन तर नकोच, नर्व्हचा उरलासुरला रक्तपुरवठाही आवळला जातो.

भूल_हडपसर
सर, सुन्न पायापुरतं पटतं. पण रक्त न पोचल्यामुळे काळा पडलेला पाय? तो पेशंट रात्रभर पाय खाटेखाली सोडून कण्हत असतो. क्रिएटिनिन ३, किडनी कमजोर, म्हणजे डायक्लोफिनॅक बाद, ट्रॅमाडॉल अंगात साठणार. पहाटे ब्लॉक उतरला की हाताशी उरतं पॅरासिटामॉल. ४ मिग्रॅ डेक्साने मिळणारे जादा सहा-आठ तास मी सोडणार नाही.

भूल_कोथरूड
मग तीच ४ मिग्रॅ शिरेतून द्या, फायदा जवळपास तेवढाच. डेक्सा अल्कलाइन असते, तिच्यासोबत रोपिवाकेनचे स्फटिक धरतात. सिरिंज उजेडात धरून बघा. शुगर मात्र दोन्ही वाटांनी चढते, म्हणून पुढचे २४ तास दर ४ तासांनी तपासायची, इन्सुलिनची ऑर्डर आधीच लिहून ठेवायची.

भूल_सिंहगडरोड
डेक्साऐवजी डेक्समेडेटोमिडीन (गुंगीचं, पण ब्लॉकही लांबवणारं औषध) ५० मायक्रोग्रॅम घाला की, शुगरची कटकटच नाही.

भूल_हडपसर
इथे माझाही विरोध. यांतल्या बऱ्याच जणांना ऑटोनॉमिक न्यूरोपॅथी (नाडी-बीपी सांभाळणाऱ्या नर्व्ह बिघडणं) असते, वर नाडी मंदावणारा बीटा ब्लॉकर चालू. उभं केल्यावर सिस्टोलिक (वरचं बीपी) २० ने पडत असेल तर हे औषध नकोच. त्याने नाडी आणि बीपी वॉर्डात पडलं तर लक्षात यायला उशीर होतो.

सर्जन_पुणे
पालखी पुढे गेली की फोड आलेल्या पायांनी चालतच राहिलेले मधुमेही दाखवायला येतात. दुखतच नाही, तर थांबणार कशाला? अशा पायाला लांब ब्लॉक देऊन काय साधतं? उलट टाच गादीवर तासन्‌तास दाबली जाते, नवी जखम होते. घट्ट बँडेजही कळत नाही. उशी पोटरीखाली, टाच अधांतरी, हे नर्सिंग नोट्समध्ये लिहाच.

भूल_कोथरूड
तेच तर. ब्लॉकआधी १० ग्रॅमचं मोनोफिलामेंट (स्पर्श कळतो का बघायचा नायलॉनचा धागा) पायाला लावा आणि केसपेपरवर नोंदवा, नंतरची बधिरता ब्लॉकच्या माथी येत नाही. जाणवलं नाही तर ॲडज्युव्हंटशिवाय साधा ब्लॉक.

भूल_हडपसर
नोंद मान्य, निकष अमान्य. मोनोफिलामेंट न जाणवणारा पायसुद्धा रक्ताअभावी ठणकतो. आदल्या रात्री पेशंट झोपला का, ते आधी विचारा.