वाळवंटातल्या पाण्याचा अभ्यास, अ‍ॅरिझोना विद्यापीठात काय काय बघू?

मोसंबीवाला
नमस्कार मंडळी, ऑगस्टमध्ये टूसॉनला चाललोय, हायड्रॉलॉजीत एमएस करायला. गाव पैठणकडचं, आमची मोसंबीची बाग दोन उन्हाळे टँकरवर जगवली आणि तिसऱ्या वर्षी बाबांनी स्वतः तोडली, तेव्हापासून डोक्यात एकच आहे की जिथे मुळात पाऊसच नाही तिथली लोकं कशी भागवतात. विद्यापीठाच्या साइटवर पाणी, जमीन, हवामान असे इतके विभाग आहेत की सुरुवात कुठून करू तेच कळेना. कोणी तिथे शिकलंय का?

सुकी नदी
मी होतो तिथे. आधी झाडांच्या वर्तुळांची लॅब बघा, ट्री-रिंग लॅब म्हणतात, १९३७ ला डग्लस नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने सुरू केलेली. पाण्याशी काय संबंध असं वाटेल, पण फार मोठा आहे. कोलोरॅडो नदीचं वाटप १९२२ ला झालं, वरच्या आणि खालच्या राज्यांना मिळून वर्षाला दीड कोटी एकर-फूट, म्हणजे आपल्या भाषेत साधारण ६५० टीएमसी, जायकवाडी पूर्ण भरलं की १०२ टीएमसी होतं त्यावरून अंदाज करा. आणि हे ठरवलं ते त्याआधीच्या थोड्याशा वर्षांच्या नोंदींवर, ती वर्षं नेमकी भरपूर पावसाची निघाली. १९७६ मध्ये याच लॅबमधल्या संशोधकांनी जुन्या झाडांच्या वर्तुळांवरून (ओल्या वर्षी वर्तुळ जाड, कोरड्या वर्षी बारीक) काही शतकांचा प्रवाह काढला तर सरासरी आली १ कोटी ३५ लाखांच्या आसपास. याच नदीतून मेक्सिकोला द्यायचे १५ लाख एकर-फूट वेगळेच. म्हणजे नदीत नव्हतंच तेवढं पाणी कागदावर वाटून बसले! मला हे कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती, कारण आपल्याकडे पण धरणाचा हिशोब असाच कुठल्या तरी चांगल्या वर्षांवर बसलाय का हा प्रश्न पडतोच.

वेडी बाभूळ
वरच्यांशी सहमत, पण फक्त नदी बघू नका, जमीन पण बघा. टूसॉनच्या दक्षिणेला सांता रिटा म्हणून चराऊ जमीन आहे, १९०३ पासून तिथे प्रयोग चालू आहेत आणि आता विद्यापीठाकडे आहे. पावसाच्या नोंदी, आणि एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा काढलेले फोटो, सगळं ऑनलाइन फुकट बघता येतं. जुन्या फोटोत नुसतं गवत आणि नंतरच्या फोटोत मेस्कीटची झाडी. हे मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं चुलत भावंड, त्यामुळे आपल्याकडची पडीक रानं आठवल्याशिवाय राहत नाहीत.

मोसंबीवाला
वा, हे कोणीच सांगितलं नव्हतं. एक विचारतो, बाबांना दाखवता येईल असं काही आहे का? त्यांना संशोधन पेपर नकोत, झाडाला पाणी किती द्यायचं ते हवं.

टूसॉनची ताई
आहे ना! विद्यापीठाचा एक्स्टेन्शन विभाग, आपल्या कृषी विद्यापीठाच्या विस्तार शिक्षणासारखाच. लिंबूवर्गीय झाडांना कोणत्या महिन्यात किती पाणी लागतं याची साध्या भाषेतली पत्रकं आहेत त्यांची, अ‍ॅरिझोनातल्याच युमाकडे तर मोठ्या बागा आहेत. शिवाय अ‍ॅझमेट म्हणून हवामान केंद्रांचं जाळं आहे, रोज किती बाष्पीभवन झालं ते बघून पाणी ठरवतात. आकडे मात्र तसेच्या तसे गावाला लावू नका, पद्धत घ्या, कारण इथे वर्षाला साधारण २८० मिमी पाऊस आणि त्यातला निम्मा उन्हाळ्यात, त्याला इथेही मान्सूनच म्हणतात. आणि कॅम्पसजवळच्या जुन्या वस्त्यांमधून पावसात फिरा, लोकांनी रस्त्याच्या कडेचा काठ कापून वाहतं पाणी झाडांच्या आळ्यात वळवलंय. तुम्ही ऑगस्टमध्ये येताय म्हणजे लगेच बघायला मिळेल, पण पाणी वाहत असलेला रस्ता गाडीने ओलांडू नका, इथे ओढा दहा मिनिटांत भरतो.