मिशनच्या शाळेने केनियातल्या मुलीला सोडवलं की तोडलं?

मृण्मयी
केनियातल्या पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी मथाईंचं आत्मचरित्र परवा वाचून संपवलं, तेव्हापासून एक प्रसंग डोक्यातून जात नाहीये. न्येरीजवळचं इहिथे गाव, १९४८ च्या आसपासचा काळ, केनियावर इंग्रजांचं राज्य. मोठा भाऊ न्देरितू आईला सहज विचारतो की आम्ही सगळे शाळेत जातो, मग वांगारी का जात नाही? आई म्हणते, खरंच की, का जाऊ नये? झालं. आठव्या वर्षी गावची शाळा, अकराव्या वर्षी माथारीला नन्सचं बोर्डिंग, मग लिमुरूचं लोरेटो हायस्कूल, १९६० ला शिष्यवृत्तीवर अमेरिका आणि २००४ मध्ये शांततेचं नोबेल.

माझं मत स्पष्ट आहे. त्या काळातल्या किकुयू (वांगारींची जमात) मुलीला मिशनची शाळा हीच एक वाट होती. एरवी वयात आली की 'इरुआ', म्हणजे मुलीची सुंता, पात्याने गुप्तांगाचा भाग कापणं, मग लग्न आणि जन्मभर शेतातलं राबणं. आज मिशनऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण पात्याच्या भीतीने मिशनच्या दारात आलेल्या मुलीही होत्याच. त्यांना विचारलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या?

नाखवा
मृण्मयीताई, १९२९ साली काय घडलं तेही सांगायला हवं. स्कॉटिश मिशनने शिक्षकांकडून आणि चर्चच्या सभासदांकडून सुंतेविरुद्ध प्रतिज्ञेवर अंगठे घेतले. त्याला लोक 'किरोरे' म्हणायचे, किरोरे म्हणजे अंगठ्याचा ठसा. न देणाऱ्याला मिशनचं दार बंद. भांडण थोरांचं आणि शाळेबाहेर पोरं. शेवटी लोकांनी पैसे जमवून, हाताने भिंती बांधून स्वतःच्या शाळा काढल्या. १९३९ ला गिथुंगुरीला शिक्षक घडवणारं कॉलेजसुद्धा उभं केलं.

आणि मिशनला मुलींची एवढी कळकळ होती म्हणता, तर हे बघा. मिशनांनी मिळून काढलेलं मुलांचं अलायन्स हायस्कूल १९२६ चं. मुलींसाठी तसं हायस्कूल निघालं १९४८ ला. मधली २२ वर्षं मुलींनी काय शिकायचं? शिवण, धुणं, घर टापटीप ठेवणं. शिकलेल्या ख्रिस्ती मास्तरला शोभेल अशी बायको हवी होती.

मृण्मयी
२२ वर्षांचं मान्य, आणि त्याचा रागही येतो. पण 'लोकांच्या शाळा' म्हणताना त्या कशावरून निघाल्या ते विसरायचं का? मुलीचं अंग कापायचा हक्क राखण्यावरून! त्यात रक्तस्राव होऊन मुली दगावायच्या, बाळंतपणात हाल व्हायचे. याला संस्कृती म्हणून कुणी पाठीशी घालू नये.

नाखवा
पात्याची बाजू मी घेत नाही, घेणारही नाही. २०११ ला केनियाने स्वतः कायदा करून ही प्रथा बंद केली, ते योग्यच झालं. माझं म्हणणं एवढंच की मुलीला कुणी विचारलं का?

केनियातल्याच मेरू भागात १९५६ साली न्जुरी न्चेके या थोरांच्या पंचायतीने सुंतेवर बंदी घातली. पंचायत सगळी पुरुषांची, मागे गोरे अधिकारी. मग मुलींनी काय केलं? दुकानातून दाढीची पाती विकत आणली आणि रानात जाऊन एकमेकींची सुंता केली. त्यांना नाव पडलं 'न्गाइताना', म्हणजे 'मी माझी मीच करून घेईन'. पुढच्या तीन वर्षांत २,००० हून जास्त लोकांवर खटले झाले, त्यात या मुलीही होत्या. मला हे वाचून पोटात कालवलं. पूर्वी सुंतेबरोबर गाणी होती, नाच होता, बायकांनी मुलीला दिलेली शिकवण होती. बंदीनंतर ती मोठं होण्याची शिकवण गेली, पातं तेवढं उरलं.

आजीचीगोधडी
दोघंही सुंतेवरच अडकलात. मला त्या आत्मचरित्रातलं बटण आठवतं. बोर्डिंगात कुणी मातृभाषेत बोललं की 'मॉनिटर' नावाचं बटण लावायचे. दिवसभर ते एकीकडून दुसरीकडे फिरायचं, संध्याकाळी जिच्याकडे असेल तिने गवत कापायचं, झाडलोट करायची. माझ्या मुलीच्या शाळेत मराठी बोललं की दहा रुपये दंड होता. वर्षभरात ती फोनवर आजीशी बोलताना अडखळायला लागली. म्हणून ते पान मला पुढे वाचवेना.

आणि वांगारी शाळेत गेली तेव्हा अडाणी होती का? आईने सांगितलं होतं की मुगुमोच्या, म्हणजे रानअंजिराच्या, झाडाखालचं सरपण आणायचं नाही, ते देवाचं झाड आहे. शेजारच्या झऱ्यात बेडकाची अंडी मण्यांसारखी दिसायची, ती गळ्यात घालायला पोर ओंजळीत उचलायची आणि ती बोटांतून निसटायची. पुढे परत आली तेव्हा झाड तोडलेलं, झरा आटलेला. झाडाची मुळं पाणी धरतात हे तिने नंतर विज्ञानातून ओळखलं, पण त्या झाडाला हात लावू नये हे आईने आधीच शिकवलं होतं.

मृण्मयी
गोधडीताई, हे मला मान्य आहे, आणि माझं पहिलं वाक्य मी थोडं बदलते. श्रेय मिशनला द्यायच्या आधी आईला द्यायला हवं. वांगारी थोरली मुलगी. ती गेली की पाणी, सरपण, धाकटी भावंडं, सगळं त्या बाईच्याच अंगावर. पैसे नाहीत, घरात हात हवाय, असं म्हणून मोकळी झाली असती तर गावात कुणी दोष दिला नसता. तरीही तिने पाठवलं. पण पाठवायला शाळा होती, हे मी सोडणार नाही.

नाखवा
शाळा होती. तिथून ती 'मेरी जो' हे ख्रिस्ती नाव घेऊन बाहेर पडली. अमेरिकेत तेच नाव चाललं. १९६६ ला नायरोबीला परतताना तिने ते टाकलं आणि पुन्हा वांगारी झाली. किकुयू रीतीप्रमाणे थोरल्या मुलीला ठेवतात ते, वडिलांच्या आईचं नाव.